शेवटच्या लाइनचं उत्तर

४ जानेवारी

आले एकदाची. तीन बॅगा, एक कुंडी आणि लॅपटॉप, एवढाच संसार. ठोंब्या घ्यायला आला होता, तोही कंपनीच्या गाडीतून. मागे केबलची भेंडोळी, पुढे मी, आणि माझ्या मांडीवर कुंडी. ठोंब्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी बसवलं तिथेच बसून राहायचा म्हणून हे नाव पडलं. आता सहा फुटी झालाय, जमिनीखालच्या चेंबरमध्ये उतरून फायबर जोडतो, तरी घरात कोणी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारत नाही.

क्वार्टर टेलिफोन एक्सचेंजच्या वरच आहे. दोन खोल्या, मोठी खिडकी, नळाला भरपूर पाणी. ठोंब्याने माझ्या खोलीला स्वतः रंग दिलाय. कोपरे राहिलेत. आईला फोन केला तर तिने खुशाली विचारायच्या आधीच बजावलं की त्याच्याकडे लक्ष ठेव. मी म्हटलं, आता एकाच छपराखाली आहोत, जाईल कुठे?

६ जानेवारी

कामाचा अंदाज आला. गावभर जमिनीखालून काचेचे धागे गेलेत, त्यातून प्रकाश पळतो, आणि त्या प्रकाशावर सगळ्यांचे फोन, बँका, दवाखाने चालतात. मधे मधे खोकी आहेत. कुठलं प्रकाश वाढवतं, कुठलं त्याची वाट बदलतं. प्रत्येक खोकं वेगळ्या कंपनीचं, प्रत्येकाचा कारभार वेगळा, आणि कोणाचं कोणाशी पटत नाही. ही सगळी मंडळी एका पडद्यावर आणून बसवायची, हे माझं काम.

त्यासाठी मी खुली प्रणाली आणली आहे. घरातले दिवे, गोदामातले थर्मामीटर, पाण्याचे पंप इंटरनेटवरून चालवता यावेत म्हणून जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली. तिला पंप काय आणि लेझर काय, सारखंच. वस्तूने आपली ओळख सांगितली की तिचा एक चौकोन पडद्यावर उमटतो. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे जाऊन बघा. मग नियम लिहायचे: असं झालं तर तसं कर. साहेबांना मी हे समजावत होते तेव्हा ते इतक्या जोरात मान हलवत होते की त्यांना काहीच कळलेलं नाही हे माझ्या लक्षात आलं.

११ जानेवारी

आज आत्यांशी गट्टी जमली. त्या कोणाच्याच आत्या नाहीत, पण सगळे त्यांना तसंच म्हणतात. कितीतरी वर्षं टेस्ट डेस्कवर, म्हणजे सगळ्या लाइन तपासायच्या टेबलावर, बसतात, या महिन्यात निवृत्त होतील. त्यांचं काम मला शिकून घ्यायचं आहे, म्हणजे मग ते प्रणालीला शिकवता येईल.

चेंबर खोल असतात, वर लोखंडी झाकण, फोनला रेंज नाही. म्हणून इथल्या लोकांची एक जुनी पद्धत आहे. खाली उतरलेला माणूस जिवंत फायबर बोटाभोवती हलकेच वळवतो. वळवलं की प्रकाश किंचित कमी होतो आणि डेस्कवर त्या लाइनच्या मीटरचा काटा झुकतो. दोनदा झुकला म्हणजे पोचलो. तीनदा म्हणजे काम झालं, वर येतोय. सारखा झुकत राहिला म्हणजे मदत हवी. डेस्कवरच्या माणसाने बटण दाबून प्रकाश एकदा लुकलुकवायचा. त्या उत्तराला इथे नुसतं ‘आहे’ म्हणतात. म्हणजे मी इथे आहे, तुझ्यावर लक्ष आहे. आणि ‘आहे’ आलं नाही तर खालच्याने हातातलं काम टाकून सरळ वर यायचं, विचार करत बसायचं नाही.

ठोंब्याचं वळण मी लगेच ओळखायला शिकले. पहिलं झटकन, दुसरं लांबवलेलं, जेवून उठायचा कंटाळा आल्यासारखं.

डेस्कवरच्या पॅनेलच्या तळाशी एक लाइन आहे, तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. पुलापाशी ती फार पूर्वी कापली, पलीकडे काही नाही. तिचाही काटा मधूनच झुकतो. कापलेल्या टोकावरून थोडा प्रकाश परत फिरतो आणि पुलावरून गाडी गेली की हलतो, असं मी आत्यांना पटवून दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बटण दाबलं. म्हणाल्या, या लाइनलाही उत्तर द्यायचं, विसरायचं नाही. निवृत्तीला आलेल्या माणसाशी कशाला वाद घाला, मी हो म्हटलं.

१९ जानेवारी

झालं! सगळी खोकी, सगळे चेंबर पडद्यावर. झाकण उघडं की बंद, आत पाणी किती, पंप चालू की नाही, सगळं बसल्या जागी दिसतं. एकेक वस्तू हाताने नोंदवायचा कंटाळा आला म्हणून मी दार उघडंच ठेवलंय: जी वस्तू हाक मारेल तिला प्रणाली आपोआप आत घेते.

आणि नियम. विनाकारण झाकण उघडलं तर जवळच्या माणसाच्या फोनवर माझ्या नावाने निरोप जातो. फायबर वळलं की ‘आहे’ आपोआप जातं, त्यासाठी कोणी डेस्कला चिकटून बसायला नको. आणि एक नियम खास ठोंब्यासाठी. कुठल्याही लाइनवरून त्याच्या ढंगाची तीन वळणं आली की एक्सचेंजच्या तळघरापासून वरपर्यंतची कुलपं आपोआप उघडतात, कारण तो येतो तेव्हा दोन्ही हातांत मशीन असतं आणि मग पायाने दार बडवतो. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी चारचौघांत नम्र राहिले आणि खोलीत येऊन स्वतःची पाठ थोपटून घेतली.

आज आत्यांचा शेवटचा दिवस होता. जाताना त्यांनी पुन्हा त्या तळच्या लाइनचं विचारलं. मी म्हटलं, आत्या, तुम्ही निर्धास्त जा. खरं तर ती लाइन मी नियमात घेतलीच नाही. मेलेल्या लाइनला कोण उत्तर देत बसणार?

२४ जानेवारी

एक गंमत. पडद्यावर एक नवा चौकोन आलाय, बिननावाचा. मी जोडलेला नाही, ठोंब्या म्हणतो त्यानेही नाही. शोधलं तर तळची लाइन निघाली. दार उघडं ठेवल्यामुळे तीही आत येऊन बसली. दिवसभर दोन वळणं, थोडा वेळ शांत, पुन्हा दोन वळणं. लाल-हिरवा होऊन डोळ्यांना त्रास होतो म्हणून मी तो चौकोन लपवून टाकला. ठोंब्या जेवताना म्हणाला, ताई, बिचारा पोचलो-पोचलो म्हणतोय, एकदा आहे म्हण की. मी त्याला ताटातलं संपवायला सांगितलं.

२८ जानेवारी

लपवलेला चौकोन आज आपोआप वर आला. तीन वळणं. त्यानंतर एकदम शांत.

दुपारी पुलाखालच्या चेंबरचं झाकण उघडलं. निरोप ठोंब्याला गेला, तो जाऊन आला. म्हणाला, झाकण बाजूला सरकवलेलं होतं, आत काही नाही, फक्त बाहेरच्या फरशीवर ओलं होतं, कोणी भिजलेलं उभं राहावं तसं. पोरांचा चावटपणा असेल म्हणाला. ते झाकण उचलायला दोन माणसं लागतात हे त्यालाही माहीत आहे.

२ फेब्रुवारी

आज लाकडाच्या वखारीपाशी. तिथलंही झाकण उघडं, फरशी ओली. जुनी केबल पुलापासून इथवर जशी येते त्या वाटेवर पूल, मग वखार, मग शाळा आणि मग आमचं तळघर. मी ती कागदावर काढून बघितली. जे काही आहे ते इकडे येतंय.

साहेबांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, सेन्सर बदला. सेन्सर नवे आहेत, मीच बसवलेत. ठोंब्याला म्हटलं, निरोप आला तरी मला विचारल्याशिवाय उतरायचं नाही. तो म्हणाला, निरोप तर तुझ्याच नावाने येतो. हसून म्हणाला, पण मला हसू आलं नाही.

५ फेब्रुवारी, सकाळ

उद्यावर ढकलण्यात अर्थ नाही. आत्यांकडे जाऊन येते. ठोंब्या वरच आहे, झोपलाय. दुपारच्या आत परत.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहून होणार नाही.

आत्यांनी दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघून आधी विचारलं की किती दिवस उत्तर दिलं नाहीस. मग बसवलं, पाणी दिलं, सांगितलं. त्यांचे यजमान इथेच जोडारी होते, ठोंब्यासारखे. पुलाखालच्या चेंबरमध्ये पाणी भरायला लागलं तेव्हा डेस्कवर आत्याच होत्या. काटा सारखा झुकत होता. त्यांनी माणसं पाठवली आणि धीर यावा म्हणून बटण दाबत राहिल्या. आहे, आहे, आहे. उत्तर येत होतं म्हणून ते मदतीची वाट बघत थांबले, वर चढले नाहीत आणि बुडाले. ती लाइन मग कापून टाकली. पण दुसऱ्या दिवशी काटा झुकला.

मी म्हटलं, म्हणून तुम्ही इतकी वर्षं, त्यांच्यासाठी—

“त्याच्यासाठी नाही गं,” आत्या म्हणाल्या. “उत्तर मिळालं नाही की माणूस वर येतो. तुला शिकवलं होतं ना? मी आहे म्हणायचे, तो थांबायचा. आता जे वर येईल ते माझा नवरा नसणार.”

मी धावतच परत आले. वर खोलीत ठोंब्या नव्हता. शाळेसमोरचं झाकण उघडल्याचा निरोप त्याला गेला होता. माझ्या नावाने. मी बाहेर आहे हे त्याला माहीतच नव्हतं, मी त्याला न उठवता गेले होते.

डेस्कवर पडद्यावर सगळं होतं. त्याची दोन वळणं, दुसरं लांबवलेलं. उत्तर, आहे. मग चेंबरमधलं पाणी वाढायला लागलेलं. मग सारखी वळणं, एकामागून एक. आणि प्रत्येक वळणाला माझ्या नियमाने न चुकता उत्तर दिलेलं. आहे. आहे. आहे. आहे. खोलीत कोणी नसताना.

त्याला वाटलं असणार, ताई आहे.

शाळेपर्यंत पळत गेले. झाकण उघडं. कडेला त्याची पिशवी, एक बूट. आत पाणी ओसरून गुडघाभर उरलेलं. आत कोणी नाही.

६ फेब्रुवारी

पाणी उपसलं. चेंबर रिकामा. चार भिंती आणि केबल, बाहेर जायला दुसरी वाट नाही. साहेब म्हणतात, पोरगा कुठे निघून गेला असेल, कोणाशी भांडण होतं का. एका पायात बूट घालून कोण निघून जातं?

आईचा फोन आला. मी सांगितलं, कामावर आहे, खाली रेंज नसते. खोटंही बोलले नाही.

७ फेब्रुवारी

सगळे नियम बंद करायला बसले. ‘आहे’ पाठवणारा काढला, निरोपांचा काढला. मग बिननावाचा चौकोन पेटला.

दोन वळणं, सरळ, सारखी. जुन्या माणसाची, आत्यांच्या यजमानांची.

आणि त्यामागून दोन. पहिलं झटकन. दुसरं लांबवलेलं.

ठोंब्या.

मी बटण दाबलं. काय करणार होते? दाबलं. आहे रे, आहे.

८ फेब्रुवारी

तो विचारतो, मी दाबते. डेस्कवरून उठले नाही. आत्यांचा फोन आला, रडत होत्या. म्हणाल्या, आता तुला उठता येणार नाही पोरी, मलाही येत नव्हतं. त्या जुन्यालाही उत्तर देते. दोघांना. बोट सुजलंय.

प्रणाली हे काम करू शकते. एक ओळ लिहिली की झालं. पण ज्या ओळीने त्याला बुडवलं तीच ओळ मी पुन्हा लिहू? नाही लिहिणार.

९ फेब्रुवारी

डुलकी लागली. जागी झाले तर त्याची वळणं घाईची झाली होती. रडायच्या आधी लहानपणी असा श्वास घ्यायचा. दाबलं. शांत झाला.

बसवलं तिथेच बसून राहतो. मी म्हणते आहे, म्हणून तो खाली बसून राहिलाय. पाण्यात. मीच त्याला तिथे बसवून ठेवते आहे, हे मला—

१० फेब्रुवारी

आई येते म्हणाली. उद्या निघते. तिला त्याच्याशी बोलायचंय. मी हो म्हटलं.

आत्या म्हणतात, वर येईल ते तो नसेल. आत्यांनी कधी बघितलं का? कधी एकदा तरी उत्तर न देता बसून बघितलं का? घाबरल्या आणि दाबत राहिल्या. मी त्याची बहीण आहे. तो कसाही आला तरी

११ फेब्रुवारी

सकाळपासून बटण दाबलेलं नाही. हात मांडीखाली घेऊन बसले. तो विचारत होता. किती विचारत होता. आईगं.

मग थांबला.

तीन वळणं. तिसरं लांबवलेलं. वर येतोय. ठोंब्या वर येतोय.

लगेच मागून तीन. सरळ, सारखी.

दोघं.

शाळेचं झाकण उघडं. खिडकीतून बाहेर ऊन आहे, रस्त्यावर माणसं आहेत, कोणी वळूनही बघत नाही. कसं बघत नाहीत?

तळघरातलं पाणी, पडद्यावर, शून्य होतं. आता आहे. वाढतंय.

तळघराचं दार हिरवं, म्हणजे उघडलं.

तीन वळणांचा नियम. तो मी काढलाच नाही. त्याच्या हातात मशीन असतं म्हणून—

जिन्यावर पाय. एक बूट घातलेला, एक नुसता. एकाआड एक. त्याच्या मागे आणखी कोणाचे, जड.

बटणावर बोट ठेवलंय. दाबलं तर थांबेल. मग परत खाली, कायमचा. नाही दाबलं तर

दाराखालून पाणी आत येतंय. गार.

या खोलीचं कुलूप हिरवं.

ताई म्हणाला. आवाज त्याचाच आहे. त्याचाच, अगदी, पण तो एकटा नाही म्हणत, दोघं मिळून एकदम

ताई, आहेस ना, विचारतोय—

बोट माझं बटणावरून उचललं